टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरचं 'रीसेट' : काय होतं, काय होत नाही?



कारचा टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन बदलली की गॅरेजच्या बिलात कधी कधी 'ईसीएम रीसेट' अशी एक ओळ दिसते. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. कोणी सांगतं, "त्यात काय, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवा, झालं रीसेट." कोणी सांगतं, "स्कॅनर लावल्याशिवाय गाडी हातात घेऊच नका." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण या दोन्हींच्या आधी करायची एक तपासणी राहून गेली, तर चांगलं इंजिन खराब होऊ शकतं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊया.

टायमिंग म्हणजे काय?

इंजिनात चार कामं क्रमाने होतात. हवा आत घेणं, ती दाबणं, इंधन जाळून जोर मिळवणं आणि धूर बाहेर टाकणं. ही चार कामं होईपर्यंत खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. हवेची आणि धुराची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा वरचा कॅमशाफ्ट मात्र एकच फेरा घेतो. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. या दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट किंवा चेन.

लेझीम आठवा. हलगीच्या ठेक्यावर पाऊल पडलं तर रांग सुंदर दिसते. एकाचं पाऊल चुकलं की शेजारच्याला धक्का बसतो. इंजिनातही तसंच. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो ती जागा आणि व्हॉल्व्ह खाली उतरतो ती जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. वेळ फार चुकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो.

आता छोटंसं गणित. समजा क्रँकच्या चाकाला २० दाते आहेत. बेल्ट एक दाता चुकवून बसवला, तर ३६० भागिले २०, म्हणजे क्रँकचा १८ अंशांचा फरक पडला. दिसायला एकच दाता, पण इंजिनासाठी ही फार मोठी चूक आहे.

कॉम्प्युटरला हे कसं कळतं?

क्रँकजवळ एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. एक दाता म्हणजे ६ अंश, आणि मोकळी जागा आली की "इथून मोजायला सुरुवात". कॅमजवळही असाच सेन्सर असतो. दोघांच्या खुणांमध्ये ठरलेलं अंतर आहे ना, हे कॉम्प्युटर सतत पाहतो. अंतर मर्यादेबाहेर गेलं की तो 'चेक इंजिन'चा दिवा लावतो आणि पी००१६ सारखा कोड नोंदवतो. याचा अर्थ : क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही.

कॉम्प्युटरची नोंदवही

आपण वर्गातल्या प्रत्येक मुलाबद्दल मनात नोंद ठेवतो. याला वाचनात मदत लागते, हिला गणितात. इंजिनाचा कॉम्प्युटरही चालता चालता अशा नोंदी करतो. इंधन किती कमी-जास्त द्यायचं, गाडी उभी असताना हवा किती लागते, आणि काही गाड्यांत कॅम ठरलेल्या जागेपासून किती अंश सरकलेला आहे. चेन जुनी होऊन सैल पडत गेली की ही शेवटची नोंद हळूहळू बदलते.

नवी चेन बसली की सैलपणा गेला, पण नोंदवहीत जुनंच लिहिलेलं आहे. मग कॉम्प्युटर नव्या चेनला जुन्या मापाने मोजतो. गाडी थरथरते, पिकअप कमी वाटतो किंवा दिवा लागतो. म्हणून जुन्या नोंदी पुसून नव्या करायच्या. रीसेटचं खरं काम हेच आहे.

पण मूल चुकीच्या वर्गात बसलं असेल, तर नोंदवही कोरी करून काय उपयोग? बेल्ट एक दाता चुकला असेल तर रीसेटने तो सरकत नाही. दिवा विझेल, आणि बहुतेक वेळा थोड्या अंतरात पुन्हा लागेल. दरम्यान आपण तसंच इंजिन चालवत राहू.

योग्य क्रम कोणता?

१. नवे भाग बसवल्यावर क्रँक आणि कॅमवरच्या खुणा जुळवायच्या आणि बेल्टचा ताण तपासायचा.

२. स्टार्टर न मारता क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, थांबून शोधायचं.

३. काढलेले सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर नीट बसले का ते पाहायचं.

४. मग स्कॅनरने कोड वाचायचे, लिहून ठेवायचे आणि त्यानंतरच पुसायचे.

५. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 'रीलर्न' सांगितलं असेल तर ते करायचं. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून गरम इंजिनाचा वेग वाढवत नेतात. ठरलेल्या वेगाला कॉम्प्युटर स्वतःच इंधन तोडतो आणि वेग उतरत असताना क्रँकच्या दात्यांचं माप घेतो. बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन गरम होईपर्यंत उभं चालू ठेवून नंतर नेहमीसारखी गाडी चालवली की पुरतं.

मग बॅटरीची वायर काढण्याचं काय? जुन्या अनेक गाड्यांत त्याने नोंदी पुसल्या जातात. नव्या गाड्यांत त्यातल्या काही नोंदी वीज गेली तरी टिकतात, त्यांना स्कॅनरच लागतो. शिवाय घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग जातं ते वेगळंच.

पालकांसाठी एक उपयोगी गोष्ट

जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' पाहायला सांगा. बरेच मॉनिटर 'अपूर्ण' दिसले, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासायला सांगा. आणि आपल्या गाडीचं काम झालं असेल तर मेकॅनिक दादांना दोनच प्रश्न विचारा : "हाताने दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्या का? पुसण्याआधी कोणते कोड होते?" मन लावून काम करणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट आनंदाने दाखवतो.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याची दोन दातेरी चाकं कापा, एक १० दात्यांचं आणि एक २० दात्यांचं. दोन्हींवर लाल खूण करा आणि खुणा समोरासमोर आणून फिरवायला द्या. लहान चाकाचे किती फेरे झाल्यावर खुणा पुन्हा भेटतात, हे मुलांनाच मोजू द्या. दोन. मग गुपचूप एक दाता सरकवा आणि विचारा, "आता खुणा का भेटत नाहीत? किती अंशांनी चुकल्या?" गुणोत्तर आणि कोन एकाच खेळात येतात. शेवटी एखाद्या मुलाला लाल खूण खोडरबराने पुसायला सांगा. खूण गेली, पण चाक जागेवर आलं का? उत्तर मुलंच देतील.