जोधपूर पाहायचे ते पाण्यापासून

भोपाळच्या अयोध्यानगरात राहणाऱ्याला पाण्याचे फारसे नवल वाटत नाही. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव शहरात आहे आणि वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जोधपूरला त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. तरीही 2011 च्या जनगणनेत तिथे दहा लाखांहून अधिक माणसे होती. एवढे शहर थरच्या काठावर कशाच्या जोरावर तगले, हे न विचारता मेहरानगड आणि निळी घरे पाहून परतणाऱ्याला जोधपूर कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या उमेद भवनापुढे पर्यटक फोटो काढतात, त्याचे बांधकामही 1929 साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सुरू झाले.

राव जोधाने 1459 मध्ये गड बांधायला घेतला, त्याच सुमारास राणी जसमादे हाडीने पायथ्याशी राणीसर तलाव करवला. पुढे शहराभोवतीच्या खडकाळ पठारावरचे पावसाचे पाणी कालव्यांनी तलावांत आणले गेले, आणि तलावांतून झिरपणाऱ्या पाण्यावर विहिरी-बावड्या जगल्या. अठराव्या शतकातला तूरजी का झालरा, म्हणजे पायऱ्यांची विहीर, नीट पाहावा. लालसर दगडाच्या पायऱ्यांचे जोड तिन्ही बाजूंनी खाली उतरतात, म्हणजे पातळी कितीही खाली गेली तरी घागर बुडवायला पायाखाली पायरी असतेच. चौथ्या बाजूला रहाटाची सोय आणि त्या पाण्यासाठी वेगळा हौद. गुलाब सागर तलाव करवणारी गुलाबराय ही महाराजा विजयसिंहाची पासवान, म्हणजे उपपत्नी. मराठी वाचकाला विजयसिंह आठवतो तो 1755 मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे मारले गेले म्हणून. त्याच राजवटीतले हे पाण्याचे काम मात्र आपल्या इतिहासकथनात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे आता जुने झाले. सतलज-बियासचे पाणी इंदिरा गांधी कालव्यातून आणि पुढे उपसा कालव्याने कायलाना तलावापर्यंत येते. आक्षेपात तथ्य आहे. दहा लाखांची तहान बावड्या भागवू शकणार नाहीत, आणि कालवा नसता तर आजचे जोधपूर नसते. पण कालव्याचे पाणी आल्यावर जुन्या विहिरींचा उपसा थांबला, तलाव आणि नळांमधून पाणी मुरत राहिले, नि शहराखालचे भूजल वर चढले. जुन्या शहरात तळघरांत पाणी शिरते, ते पंप लावून उपसावे लागते. वाळवंटातल्या शहरावर ही वेळ यावी! शिवाय उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला तिथे ‘नहरबंदी’ म्हणतात, आणि त्या आठवड्यांत नळाला दिवसाआड पाणी येण्याची वेळ येते. म्हणजे जमिनीखाली पाणी जास्त आणि नळाला कमी, अशी स्थिती. दुरून आणलेल्या पाण्याला जुनी व्यवस्था पर्याय नाही. पण तिचा उपसा चालू राहणे त्या पाण्याइतकेच गरजेचे आहे. झालरा अलीकडे साफ झाला, तो पाहायला गर्दीही होते; मात्र त्याला पाणी पोचवणाऱ्या पठारावर आणि कालव्यांवर बांधकामे होत राहिली तर नुसत्या पायऱ्या जपून काय साधणार?

म्हणून जोधपूरला जाणाऱ्यांनी पहिला दिवस राणीसर, गुलाब सागर आणि कायलानासाठी ठेवावा. गड दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल.