थुंब्याचे अग्निबाणकार

सरकारी नोकरी म्हटली कीं सुशिक्षित कुटुंबांत एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें: साडेदहाची कचेरी, फितीनें बांधलेल्या फायली, दरसालची वेतनवाढ आणि अखेरीस पेन्शन. १९६२-६३ सालीं भारत सरकारच्या अणुशक्ति खात्यानें कांहीं तरुण इंजिनिअरांना ज्या नोकरीवर घेतलें, तिचा ह्या चित्राशीं फारसा मेळ बसत नव्हता. पगार होता, हुद्दा होता; पण कामाची जागा अजून ठरावयाची होती, आणि ज्या वस्तूसाठीं ही नेमणूक झाली, ती वातावरणाचा शोध घेणारा अग्निबाण, देशांत कोणी उडविलेलीच नव्हती. डॉ. विक्रम साराभाई ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९६२ सालीं स्थापन झालेल्या अवकाश-संशोधन समितीचे हे पहिले नोकर होत. १५ ऑगस्ट १९६९ रोजीं ह्याच कार्याला ‘इस्रो’ हें नांव व रूप मिळालें. परंतु त्या संस्थेंतील नोकरीची खरी जातकुळी पाहावयाची तर त्यापूर्वीच्या सहासात वर्षांकडे वळलें पाहिजे.

प्रथम प्रश्न पडतो तो जागेचा. एवढ्या मोठ्या देशांत केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हें कोळ्यांचें लहानसें गांवच कां निवडलें? त्याचें उत्तर जमिनींत नसून आकाशांत आहे. पृथ्वीला जसें भौगोलिक विषुववृत्त आहे तसें चुंबकीय विषुववृत्तहि आहे. उभ्या पातळींत फिरणारी चुंबकसूचि त्या रेषेवर नेली असतां ती उत्तरेस वा दक्षिणेस न झुकतां आडवी स्थिर राहते. ह्या रेषेच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा एक प्रबळ विद्युत्प्रवाह वाहत असतो. त्याचा अभ्यास करावयाचा कसा? शास्त्रज्ञांचा फुगा तेथपर्यंत चढूं शकत नाहीं; उलट इतक्या खालीं आलेला उपग्रह हवेच्या घर्षणानें टिकाव धरूं शकत नाहीं. उरतो एकच दूत, म्हणजे अग्निबाण. तो कांहीं मिनिटेंच त्या थरांतून जातो. पण जातो खरा. थुंबा ह्या रेषेच्या अगदीं जवळ आहे, आणि पुढें अथांग समुद्र असल्यामुळें परत पडणाऱ्या नळकांड्यांपासून कोणास भय नाहीं. केरळच्या किनाऱ्यावर अशा जागेचा शोध घेणाऱ्यांत कोल्हापुरास जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे प्रमुख होते.

जागा सांपडली खरी, पण ती रिकामी नव्हती. तेथें कोळ्यांची घरें होतीं, आणि मध्यभागीं सेंट मेरी मॅग्डलीनचें चर्च होतें. साराभाईंनीं त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा ह्यांची भेट घेतली. बिशपांनीं रविवारच्या प्रार्थनेनंतर हा प्रश्न भाविकांपुढें ठेवला व त्यांनीं संमति दिली, ही हकीकत पुढें अब्दुल कलाम मोठ्या भक्तिभावानें सांगत असत. ती ऐकावयास गोड आहे; परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची वाळू सोडून जाणाऱ्या कोळ्याच्या बाजूनेंहि ती क्षणभर ऐकली पाहिजे. त्यांच्यासाठीं दुसरीकडे वसाहत व नवें चर्च उभें राहिलें हें खरें. तरी ह्या विज्ञानकार्याचा पहिला हप्ता त्यांनींच भरला, हेंहि तितकेंच खरें.

आतां ह्या नोकरांकडे वळूं. आर. अरवमुदन हे मुंबईस तुर्भ्याच्या अणुशक्ति केंद्रांत चांगल्या जागेवर होते. कलाम बंगळूरास संरक्षण खात्यांत काम करीत. प्रमोद काळे हे जन्मानें पुण्याचे. कलामांची मुलाखत मुंबईस झाली. साराभाई व प्रा. मेनन समोर बसलेले. त्यांना काय येतें ह्याच्या चौकशीपेक्षां काय होण्याजोगें आहे हेंच चाचपून पाहण्याकडे साराभाईंचा रोख होता, असें कलामांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. निवड झाली ती दुसऱ्याच दिवशीं. पुढें ह्या मंडळींना अग्निबाण जुळविणें, त्याचा माग काढणें व त्याचे संदेश टिपणें हें शिक्षण घेण्यासाठीं अमेरिकेंत नासा ह्या संस्थेकडे धाडण्यांत आलें. तेथें वॉलप्स बेटावरील तळाच्या दिवाणखान्यांत कलामांना एक तैलचित्र दिसलें. युद्धाचा देखावा, आकाशांत उडणारे बाण, आणि ते सोडणारे सैनिक सांवळ्या वर्णाचे! जवळ जाऊन पाहतां तें टिपू सुलतानाचें सैन्य निघालें. जी विद्या शिकावयास ते सातासमुद्रांपलीकडे आले होते, तिच्या एका पूर्वजाची तसबीर यजमानांनींच भिंतीवर लावलेली होती.

परत आल्यावर थुंब्याचें दैनंदिन जीवन सुरू झालें. त्रिवेंद्रमच्या एका लॉजमध्यें बिऱ्हाड, रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहांतलें जेवण, आणि तेथून थुंब्यापर्यंत बसनें प्रवास. चर्चच्या प्रार्थनागृहांत अग्निबाणाचे भाग जुळविले जात. बिशपांचें घर हें आरेखनाचें व हिशेबाचें कार्यालय झालें. गुरांच्या गोठ्यांतहि प्रयोगशाळा थाटली गेली. चर्चच्या आढ्यांत पारव्यांची वस्ती होती व ती कोणी हलविली नव्हती. वाळूच्या रस्त्यांवर वाहन म्हणजे सायकल. पुढें कलाम राष्ट्रपति झाले, पण त्या काळीं त्यांना सायकल येत नसल्यामुळें कोणाच्या तरी मागें बसूनच त्यांना हिंडावें लागे.

अग्निबाणाचें टोंक सायकलच्या कॅरिअरवर घेऊन चाललेले दोघे कर्मचारी आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें टिपले, व तें छायाचित्र जगभर गाजलें. त्याच्या जोडीला नेहमीं बैलगाडीवर ठेवलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाचें १९८१ सालचें छायाचित्र दाखविण्यांत येतें आणि दोहोंकडे पाहून लोक दारिद्र्याचें कौतुक करतात. ह्यांत थोडी गफलत आहे. सायकल ही अडचणींतून आली होती. बैलगाडी मात्र हेतुपूर्वक आणली होती. उपग्रहाच्या अँटेनाची चांचणी घेतांना भोंवतीं धातूचें वाहन असतां कामा नये, आणि लांकडी गाडीइतकें निर्धोक वाहन दुसरें कोणतें मिळणार?

पहिल्या उड्डाणासाठीं २१ नोव्हेंबर १९६३ ही तारीख ठरली. नायके-अपाची नांवाचा दुमजली अग्निबाण अमेरिकेनें दिला होता. त्याच्या टोंकांतील सोडियमचें उपकरण फ्रेंच होतें. म्हणजे वस्तु परकी, हात मात्र इकडचे. सोडियमची वाफ उंचावर सोडावयाची, सूर्यप्रकाशानें ती पिवळी-केशरी चमकूं लागली कीं निरनिराळ्या ठिकाणांहून तिचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, व ती कोणीकडे वाहते ह्यावरून तेथील वाऱ्यांचा वेग काढावयाचा, अशी ही युक्ति. पण तिला एक कठोर अट असते. जमिनीवर अंधार पडलेला पाहिजे आणि वरच्या थरांत ऊन पाहिजे. अन्यथा ती वाफ दिसणार नाहीं. अशी संधि संध्याकाळीं थोडीं मिनिटेंच मिळते. ती चुकली तर त्या दिवसाचा प्रयोग बुडाला.

ही अट ध्यानांत घेतली म्हणजे त्या सायंकाळची धांदल समजते. चर्चमध्यें जुळविलेला अग्निबाण ट्रकनें उड्डाणस्थळीं आणला. हातानें चालणाऱ्या यारीनें तो उचलून तिरप्या मंचावर चढवावयाचा, तोंच यारीच्या नळींतून तेल गळूं लागलें. दुरुस्तीस वेळ नाहीं. सूर्य कोणासाठीं थांबत नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञ, इंजिनिअर, मदतनीस अशा सर्वांनीं मिळून तो बाण खांद्या-हातांच्या बळावर मंचावर चढविला. त्यानंतर मंचाचा कोन दुरून बदलणाऱ्या यंत्रानें दगा दिला. तेंहि कसेंबसें निभावलें. सहा वाजून पंचवीस मिनिटांनीं बाण सुटला आणि थोड्याच वेळांत पश्चिम आकाशांत केशरी रेघ उमटली. खालीं किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लोकांना ती स्पष्ट दिसली.

परक्याच्या बाणावर कायमचें विसंबून राहण्याचा साराभाईंचा विचार नव्हता. २० नोव्हेंबर १९६७ रोजीं स्वदेशीं बनविलेला ‘रोहिणी’ नांवाचा पहिला बाण उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर. त्याच वर्षीं इंग्लंडमधील चांगली नोकरी सोडून डॉ. वसंत गोवारीकर थुंब्यास आले. त्यांचें क्षेत्र घन इंधनाचें. रबरासारख्या चिकट द्रव्यांत ज्वलनास प्राणवायु पुरविणारा क्षार व ॲल्युमिनियमची भुकटी कालवून हें इंधन कणकेसारखें मळतात, सांच्यांत ओततात व मंद आंचेवर कित्येक दिवस घट्ट होऊं देतात. गृहिणीच्या कणकेंत गांठ राहिली तर पोळी बिघडते. येथें एखादी भेग अगर बुडबुडा राहिला तर जळणारा पृष्ठभाग एकाएकीं वाढतो, दाब भडकतो व नळकांडें फुटतें. हें काम रोज करणाऱ्यांच्या मनावर केवढा ताण असेल!

आणि अपघात झालेहि. १९७९ सालीं एस्‌एल्‌व्ही-३ ह्या उपग्रहवाहकाच्या दुसऱ्या टप्प्याची नियंत्रण-व्यवस्था तपासली जात असतां चांचणीच्या पंधरा मिनिटें आधीं एक झडप दाद देईना. ती पाहावयास सहा जण जवळ गेले असतांच तांबूस वाफा सोडणाऱ्या नत्राम्लाची टांकी फुटली. सगळे भाजले. रुग्णालयांत वेदनांनीं विव्हळत असलेल्या एका सहकाऱ्यानें आपल्या दुखण्यापेक्षां वेळापत्रक हुकल्याबद्दलच हळहळ व्यक्त केली, असें कलामांनीं लिहून ठेवलें आहे. अशा निष्ठेचा गौरव होतो तो योग्यच. परंतु भाजलेल्या माणसालाहि आधीं वेळापत्रकच आठवावें, ही गोष्ट ऐकतांना मन थोडें अस्वस्थ होतें.

त्याच वर्षीं १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एस्‌एल्‌व्ही-३ चें पहिलें उड्डाण झालें. कलाम हे मोहिमेचे प्रमुख. उड्डाणास थोडाच वेळ उरला असतां गणकयंत्रानें थांबण्याचा इशारा दिला. गळतीस पुरून उरेल इतकें आम्ल शिल्लक आहे, असा तज्ज्ञांनीं निर्वाळा दिला, व कलामांनीं उड्डाणाचा हुकूम सोडला. पहिला टप्पा यथास्थित पार पडला, दुसऱ्यांत बाण भरकटला, आणि ३१७ सेकंदांनंतर तो बंगालच्या उपसागरांत बुडाला. धुळीच्या कणामुळें एक झडप उघडी राहिली होती व नियंत्रणाचें आम्ल गळून गेलें होतें, असें चौकशींत निघालें. कित्येक वर्षांचें काम अशा रीतीनें पाण्यांत गेलें.

साधारण सरकारी खात्यांत अशा वेळीं काय घडतें हें सांगावयास नको. जबाबदार कोण ह्याचा शोध खालून वर न जातां वरून खालीं घसरत जातो, आणि अखेरीस एखाद्या कारकुनाच्या टेबलावर येऊन थांबतो. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. सतीश धवन ह्यांनीं केलें तें निराळें. कलाम आपल्या व्याख्यानांतून ही गोष्ट वारंवार सांगत. पत्रकार जमले होते, टीकेचा मारा होणार हें उघड होतें. धवन स्वतः पुढें बसले, अपयश आपल्या शिरीं घेतलें, आणि हेच लोक पुढच्या वर्षीं यशस्वी होतील असें सांगून टाकलें. १८ जुलै १९८० रोजीं सकाळीं आठ वाजून तीन मिनिटांनीं तेंच वाहन पुन्हां उडालें व ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेंत गेला. त्या दिवशींहि पत्रकार जमले होते. धवनांनीं कलामांना जवळ बोलाविलें आणि सांगितलें कीं, आजची परिषद तुम्हीं घ्या.