फुगलेली डबी आणि न दिसणारा करंट: बिनतारी नोड हाताळताना

एप्रिलमध्ये रेठऱ्याच्या बाजूला उसाच्या एका फडात मी जमिनीचा ओलावा मोजणारा नोड लावला होता. इएसपी३२ बोर्ड, लोराचं छोटं मॉड्यूल, मोबाईलमध्ये असतो तसा चपटा लिथियम सेल आणि वर सोलर पॅनेल, सगळं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात. तीन आठवडे डेटा व्यवस्थित येत होता. मग एक दिवस शेतमालक काकांचा फोन आला, "आरं, तुझ्या डबीचं झाकण आपोआप वर आलंय बघ."

जाऊन बघितलं तर सेल पापडासारखा फुगला होता आणि त्याने आतून झाकण ढकललं होतं. मी पहिल्यांदा काय केलं असेल? बोटाने दाबून बघितला. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आणि हा शहाणपणा! सुदैवाने काही झालं नाही. पण त्या रात्री बसून आपण कुठे कुठे चुकलो ते लिहून काढलं, आणि ही पोस्ट त्याच वहीतली आहे. प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीसाठी तुम्ही असं काही बांधणार असाल तर आधी हे वाचा.

सेलमध्ये किती ऊर्जा असते?

लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो गोल १८६५० सेल घ्या. २६०० मिलीअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट, म्हणजे साधारण ९.६ वॅट-तास. ज्यूलमध्ये सुमारे ३४,६००. पन्नास किलोचं साखरेचं पोतं सत्तर मीटर उंच न्यायला एवढी ऊर्जा लागते, आणि ती बोटाएवढ्या नळीत भरलेली असते. ती हळूहळू बाहेर आली तर नोड महिनोन्‌महिने चालतो. एकदम आली तर आग लागते.

ती एकदम का येते? सेलमधल्या दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा असतो आणि आतलं द्रव ज्वलनशील असतं. सेल जास्त चार्ज झाला, शॉर्ट झाला, दाबला गेला किंवा तापला की आत उष्णता देणाऱ्या रासायनिक क्रिया सुरू होतात. पॉलिथिलीनचा पडदा साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतो. मग आतल्या आत शॉर्ट, त्याने आणखी उष्णता, त्याने आणखी क्रिया. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. एकदा सुरू झाला की बाहेरची वायर तोडून तो थांबत नाही.

हे फक्त पुस्तकातलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. आपला सेल त्या बॅटरीपेक्षा कितीतरी लहान असतो, पण होस्टेलच्या खोलीत गादीशेजारी रात्रभर चार्जिंगला तोच लावलेला असतो.

माझं नेमकं काय चुकलं

पहिली चूक चार्जरची. बाजारात सगळ्यांना मिळतो तो टीपी४०५६ चा छोटा निळा बोर्ड मी वापरला. त्यावर १.२ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो आणि चार्जिंगचा करंट तोच ठरवतो. १.२ किलोओहम म्हणजे सुमारे १ अँपिअर. माझा सेल होता ५०० मिलीअँपिअर-तासांचा. म्हणजे पॅनेलने दिला तर क्षमतेच्या दुप्पट वेगाने चार्जिंग! अशा साध्या सेलला अर्ध्या वेगाचं, म्हणजे २५० मिलीअँपिअरचं चार्जिंग मानवतं. त्यासाठी तो रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावायचा. दहा मिनिटांचं सोल्डरिंग, पण मी डेटाशीट उघडलीच नव्हती.

दुसरी चूक उन्हाची. लिथियम-आयन सेल सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं उत्पादक सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. उन्हातल्या बंद डब्यात तो पन्नाशीच्या पुढे सहज जातो. आणि सोलरवरचं चार्जिंग सर्वांत जोरात कधी चालतं? भर दुपारी. म्हणजे सेल सर्वांत जास्त तापलेला असतानाच आपण त्याला सर्वांत जास्त करंट पाजतो. भरीला हा चार्जर लिनियर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकणारा. ५ व्होल्टवरून ३.७ व्होल्टच्या सेलला १ अँपिअर देताना १.३ वॅट उष्णता त्याच डब्यात, सेलच्या शेजारीच.

तुम्ही म्हणाल, चिपमध्ये तापमान बघण्याची सोय असेलच की. आहे, त्यासाठी एक खास पिन आहे. पण या तयार बोर्डांवर ती पिन सहसा ग्राउंडला जोडून टाकलेली असते, म्हणजे सोय बंद!

आता मी काय करतो ते सांगतो. डबा पांढरा, पॅनेलच्या सावलीत आणि जमिनीपासून उंच. चार्जर बोर्ड सेलपासून लांब. सेलला चिकटवलेला थर्मिस्टर, आणि ४५ च्या वर चार्जिंग बंद. शक्य तिथे लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल, तो उष्णतेला जास्त टिकतो. मात्र तो ३.६५ व्होल्टलाच पूर्ण भरतो आणि टीपी४०५६ थेट ४.२ पर्यंत नेतो, त्यामुळे त्याला वेगळा चार्जर लागतो.

खरेदी करताना एक गोष्ट बघा. १८६५० वर "९९०० एमएएच" छापलेलं असेल तर तो सेल खोटा. या आकारात चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास जातो. वजन करून बघा, खरा साधारण ४५ ग्रॅम भरतो.

फुगलेला सेल दाबायचा नाही, टोचायचा नाही, पुन्हा चार्ज करायचा नाही. टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवायचा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. धूर यायला लागला तर आधी खोलीबाहेर पळा, तो धूर विषारी असतो.

२३० व्होल्टची बाजू

सेलची कटकट नको म्हणून काही जण नोड थेट मेन्सवर चालवतात. इथे दोन प्रकारचे पुरवठे मिळतात. एकात ट्रान्सफॉर्मर असतो, तो मेन्स आणि आपलं सर्किट वेगळं ठेवतो. दुसऱ्या, स्वस्त प्रकारात फक्त एक कपॅसिटर व्होल्टेज पाडतो. त्यात बाहेर ५ व्होल्ट दिसतात खरे, पण ते ५ व्होल्ट बसलेले असतात मेन्सच्या तारेवर. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तुमचं "ग्राउंड" म्हणजे चक्क फेज! अशा बोर्डाला प्रोग्रॅम टाकायला लॅपटॉपची यूएसबी लावली तर लॅपटॉप जातो, नाहीतर हात सापडतो. नियम एकच: मेन्स काढल्याशिवाय यूएसबी लावायची नाही.

ऑसिलोस्कोपचंही तसंच. प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती अशा सर्किटच्या ग्राउंडला लावली की फेज ते अर्थ सरळ शॉर्ट. यावर "उपाय" म्हणून स्कोपची अर्थ पिन कापणारे सीनियर मी बघितलेत. मग स्कोपची अख्खी बॉडीच २३० व्होल्टवर जाते. बरोबर उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरेन्शियल प्रोब. आणि टेबलाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

अजून एक. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो. उघडण्याआधी मीटरने मोजा.

बिनतारीचा खास धोका

हा मुद्दा मला कुठल्याच सेफ्टी मॅन्युअलमध्ये ठळक दिसला नाही, पण आपल्या भागात तो रोजचा आहे. कृष्णाकाठच्या विहिरींवर आणि नदीवरच्या मोटारींवर मोबाईल ऑटो स्टार्टर बसवलेले असतात. घरून फोन केला की मोटार चालू. शिवाय पेटीतला स्विच "ऑटो"वर असेल तर लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री.

आता समजा, तुम्ही करंट मोजायचा सेन्सर बसवायला त्या पेटीत हात घातलाय. मोटार बंद आहे. पण बटण तुमच्या हातात नाही, ते गावात कुणाच्या तरी खिशात आहे. आणि मोटार बंद म्हणजे तारा मेलेल्या, असं तर अजिबात नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. ज्यांच्या मोबाईलवरून मोटार चालते त्या सगळ्यांना आधी सांगा. ऑटो बंद करा. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात घाला. मग मीटरने तिन्ही फेज तपासा. मीटर कॅट-३ दर्जाचा हवा, लॅबमधला स्वस्त पिवळा मीटर ४१५ व्होल्टच्या पेटीत घालू नका. सोबत एक माणूस असू द्या. तुमचा स्वतःचा नोड रिले चालवत असेल तर कोडमध्ये एवढं बघा, की बोर्ड रीसेट झाला किंवा नेटवर्क गेलं तर रिले बंदच राहिला पाहिजे.

रेडिओचं थोडक्यात. या ताकदीच्या लहरींनी तुम्हाला काही होत नाही. पण अँटेना न लावता मॉड्यूल चालू केलं तर परावर्तित ऊर्जेने त्याचा अँप्लिफायर जाऊ शकतो. आणि भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, ९१५ चं अमेरिकन मॉड्यूल मागवू नका.

मेथडॉलॉजीच्या प्रकरणात आपण सेन्सरची अचूकता पानभर लिहितो. नोड किती तापमानाला, किती करंटने चार्ज होतो ते मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एका ओळीतही लिहिलं नव्हतं. आता त्याचं वेगळं कोष्टक आहे. नवा नोड शेतात नेण्याआधी ते भरतो, आणि त्याची एक प्रत काकांकडे देतो. डबी लावलेली असते त्यांच्या उसात, आणि तिच्या शेजारून रोज जातात तेच.