जुन्या गिऱ्हाइकाला मेल पाठवताना

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून कुणी संत्रा बर्फी नेली आणि बिलासाठी ईमेल दिला, म्हणून त्याला दर आठवड्याला सवलतींचे मेल पाठवायची मुभा मिळत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. म्हणून बिल करतानाच ‘नवीन माल आला की कळवू का?’ असं विचारून घ्यावं.

नागपूरच्या व्यापाऱ्याला तर लिहायला निमित्त शोधावं लागत नाही. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. वर्षातून हे दोन मेल पुरेत. विषयात ‘शेवटची संधी!’ असा आरडाओरडा नको. ‘आंबिया संत्री आली’ एवढंच लिहावं. आत भाव, माल कधी पोहोचेल ते आणि दुकानाचा फोन. मागच्या वर्षी ज्याने पुण्याला पेटी मागवली होती, त्याला पेटीचाच भाव कळवावा.

जीमेलने फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावी लागते, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. लहान दुकानानेही ही सोय ठेवावीच. ती सापडली नाही की माणूस वैतागून ‘स्पॅम’ दाबतो, आणि मग इतरांना पाठवलेले मेलही तिकडेच जाऊ लागतात. सगळ्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये उघडे टाकणं तर अक्षम्यच. दोन्ही बहार उलटूनही ज्याचं उत्तर नाही, मागणी नाही, त्याचं नाव आपणहून कमी करावं.