अहवालाच्या पलीकडे : डॉ. सुनीती सॉलोमन यांचे एच.आय.व्ही. संशोधन

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग येऊन पोहोचला आहे, हे प्रथम सिद्ध झाले ते १९८६ साली, मद्रासमध्ये. त्या शोधामागे ज्यांची प्रेरणा होती त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातील आठ भावंडांत त्या एकुलत्या एक कन्या. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांची आठवण करण्याचे माझे कारण थोडे वेगळे आहे. चाचणीचा अहवाल हाती आला की डॉक्टरचे काम संपते की तेथून सुरू होते, हा आपल्या व्यवसायातील जुना प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर सुनीतीबाईंनी सुमारे तीस वर्षांच्या कार्यातून दिले.

बालपणी दरवर्षी लस टोचण्यासाठी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे आपल्याला वैद्यकीची ओढ लागली, असे त्या सांगत. मला पाहताच रडू लागणारी मुले रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला ही हकीकत मोठा दिलासा देऊन जाते! मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. हृदयशल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह झाल्यावर ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे त्यांनी विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९७३ साली हे दांपत्य मायदेशी परतले आणि सुनीतीबाई आपल्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनात रमल्या.

सहा पिवळ्या नळ्या

अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण जून १९८१ मध्ये नोंदले गेले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत या रोगाचा विषाणू सापडला आणि १९८५ मध्ये रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी उपलब्ध झाली. आपल्याकडे मात्र हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैर जीवनाचे फळ असून भारतीय संस्कृतीच्या तटबंदीला तो भेदू शकणार नाही, असा समज सुशिक्षितांमध्येही दृढ होता. पुराव्यावाचून बाळगलेला विश्वास तपासून पाहावा, असे सुनीतीबाईंना वाटले. १९८५ च्या अखेरीस त्यांनी आपली पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हाच विषय सुचवला.

मुंबईप्रमाणे मद्रासमध्ये वेश्यावस्तीचा ठरावीक भाग नव्हता. गुप्तरोगांवरील उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांकडून माग काढीत निर्मला शासकीय सुधारगृहापर्यंत पोहोचल्या. तेथील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने त्यांनी गोळा केले. पुरेशी सोय नसल्याने विलग केलेले रक्तद्रव त्यांनी घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. फेब्रुवारी १९८६ मध्ये पतीसह रात्रीच्या गाडीने त्या काटपाडीला उतरल्या आणि तेथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. विषाणुतज्ज्ञ डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. सहा नमुने पिवळे झाले.

एलायझा चाचणीत विषाणूची प्रथिने एका पृष्ठभागावर चिकटवलेली असतात. रक्तद्रवात प्रतिपिंडे असल्यास ती त्या प्रथिनांना जखडून बसतात आणि पुढील रासायनिक क्रियेत रंग उमटतो. ही चाचणी अतिशय संवेदनशील असल्याने क्वचित चुकीचाही कौल देते. म्हणून त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले आणि अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट पद्धतीने खात्री करून घेण्यात आली. निष्कर्ष बदलला नाही. मे १९८६ मध्ये तामिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत तो जाहीर केला. प्रथम अविश्वास व मग संताप अशाच प्रतिक्रिया उमटल्या; तथापि शासकीय यंत्रणेला जाग आली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या रक्ताची कोणती तपासणी होत आहे, हे त्या स्त्रियांना सांगण्यात आले नव्हते. आजच्या नीतिनियमांच्या कसोटीला ते उतरणार नाही. रुग्णाची माहितीपूर्ण संमती, समुपदेशन व गोपनीयता या गोष्टी भारतात २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने बंधनकारक केल्या असून तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. देशाला सावध करणाऱ्या त्या सहा स्त्रियांना स्वतःला देण्याजोगे औषध मात्र त्या वेळी आपल्यापैकी कोणाकडेच नव्हते.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे

सुनीतीबाईंचे मोठेपण पुढील वाटचालीत दिसते. शोधनिबंध प्रसिद्ध करून त्या अन्य विषयाकडे वळू शकल्या असत्या. त्यांनी महाविद्यालयातच एड्सविषयक माहिती व साहाय्य देणारा गट उभारला आणि १९९३ साली शासकीय नोकरी सोडून वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्राची स्थापना केली. ‘वायआरजी केअर’ या नावाने ते ओळखले जाते. ज्या काळात रुग्णाला खाट नाकारली जाई, त्या काळात तेथे चाचणी, समुपदेशन, औषधोपचार व संशोधन एकाच छताखाली चालू झाले.

त्या काळाचा एक अनुभव माझ्याही गाठीशी आहे. १९९८ साली मी निवासी डॉक्टर असताना वारंवार न्युमोनिया होणारे, वजन न वाढणारे दोन वर्षांचे एक बाळ आमच्या कक्षात दाखल झाले. चाचणी पॉझिटिव्ह आली. ती बातमी मी त्याच्या आईला रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दोन वाक्यांत सांगितली. तिने विचारले, “डॉक्टर, मग आता आम्ही काय करायचं?” मी कागद पुढे केला आणि तिची व नवऱ्याची तपासणी करून घेण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. बाळाला घेऊन ती निघून गेली होती आणि पुन्हा कधीच आली नाही. माझे निदान अचूक होते. पण त्या आईच्या दृष्टीने मी काहीच केले नव्हते.

संशोधनाने काय शिकवले?

हा रोग केवळ ‘वाईट चालीच्या’ लोकांना होतो, हा समज आधी मोडला. वायआरजी केअरमध्ये येणाऱ्या बाधित स्त्रियांमध्ये बहुसंख्य गृहिणी होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. पुण्यातील संशोधकांनी १९९७ साली असेच वास्तव मांडले होते : गुप्तरोग चिकित्सालयात आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एच.आय.व्ही. बाधित होत्या. विवाह हेच त्यांच्या बाबतीत संसर्गाचे कारण ठरले होते.

दुसरे वास्तव क्षयरोगाचे. हा विषाणू सीडी-४ या पांढऱ्या पेशींचा नाश करतो. या पेशी घटल्या की शरीरात सुप्तावस्थेत असलेले क्षयाचे जंतू डोके वर काढतात. दक्षिण भारतातील रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून, आपल्याकडे एच.आय.व्ही.बरोबर सर्वाधिक आढळणारा संधिसाधू आजार क्षयरोगच आहे, हे या केंद्राने दाखवून दिले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांवर विसंबून चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

उपचारांचे चित्र १९९६ नंतर पालटले. तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणूची वाढ रोखता येते, हे सिद्ध झाले. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने धर्मादाय संस्थांसाठी तो वर्षाला ३५० डॉलरवर आणला आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. त्यानंतर २०११ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात चेन्नईचे वायआरजी केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होत्या. दोघांपैकी एकच बाधित असताना त्याला लवकर औषधे दिल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. औषध हेच प्रतिबंधाचे साधन ठरले.

बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने याचे मोल फार मोठे आहे. कोणताही उपाय न केल्यास बाधित मातेकडून बाळाला गर्भावस्थेत, प्रसूतीत अथवा स्तनपानातून संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. मातेला नियमित औषधे व बाळाला प्रतिबंधक औषध दिल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मातेची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जात असल्याने १८ महिन्यांपर्यंत नेहमीची चाचणी निरोगी बाळातही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे सहाव्या आठवड्यात विषाणूच्या जनुकद्रव्याचाच शोध घेणारी पीसीआर तपासणी करावी लागते. केवळ प्रतिपिंडांच्या अहवालावरून तान्ह्या बाळावर शिक्का मारू नये.

संसार उभे करणाऱ्या डॉक्टर

औषधांमुळे रुग्ण जगू लागले, तसे त्यांचे प्रश्नही बदलले. लग्न करता येईल का, मूल होईल का, असे तरुण विचारू लागले. सुनीतीबाईंनी बाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवण्याचे कामही हाती घेतले. शिक्षण, घराणे, आवडीनिवडी यांच्या जोडीला सीडी-४ ची संख्याही त्या पाहत असत! विनोदाचा भाग सोडला, तरी सहा पिवळ्या नळ्यांपासून सुरू झालेले संशोधन एखाद्याच्या संसारापर्यंत नेणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

२०२३ च्या अंदाजानुसार भारतात २५ लाखांहून अधिक लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत. आपल्या सीमाभागातील चिकित्सालयांतही ते येतात. कित्येकदा नाव लपवून, दूरच्या गावाहून. आता मी त्यांचा अहवाल वऱ्हांड्यात सांगत नाही. दार लावतो, खुर्ची पुढे करतो, आणि “आता आम्ही काय करायचं?” हा प्रश्न त्यांनी विचारण्यापूर्वीच उत्तराला सुरुवात करतो. मागील वर्षी अशाच एका मातेच्या बाळाची अठराव्या महिन्यातील अखेरची चाचणी निगेटिव्ह आली. १९९८ सालच्या त्या आईला मात्र हे उत्तर द्यायचे राहून गेले.