चौकट : तलावाखालची मुळशी

जाहिरातींतली मुळशी म्हणजे ताम्हिणीचे धबधबे, धुकं आणि तलावाकाठचे रिसॉर्ट. २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने तिला दुसरी ओळख दिली : जमिनी विकल्या गेल्यावर गुन्हेगारीकडे ओढले गेलेले तरुण. पण हा तलाव आला कुठून, हे दोन्हींत येत नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर बांधायला घेतलेल्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायकाही त्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४पर्यंत लढा चालला. धरण मात्र झालंच. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं गेली. आजही धरणाचं पाणी सह्याद्रीखाली कोकणातल्या भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं. पर्यटन नकाशावर त्या गावांची नावं ठळक छापली गेलीच पाहिजेत. त्या खाचरांतल्या आंबेमोहोर तांदळालाही नकाशावर जागा हवी : या तालुक्याची खरी चव त्या भातात आहे.

अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.