हीटर प्लग तुटला? आधी सेल्फ मारणं थांबवा
सेनगाव : थंडीत पहाटे माल घेऊन हिंगोलीला निघायचं अन् पिकअप चालूच होत नाही. अशा वेळी बऱ्याचदा हीटर प्लग गेलेला असतो. गार डिझेल इंजिन चालू होताना हा प्लग आतली जागा तापवतो. बऱ्याच ट्रॅक्टरला तो नसतो, पण पिकअप-जीपला असतो.

प्लग बदलायचं काम सोपं दिसतं, पण जुना प्लग काजळीनं हेडमध्ये धरून बसतो. गार इंजिनवर जोर लावला की मधेच तुटतो. म्हणून आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालू करून इंजिन चांगलं गरम होऊ द्या, मग बंद करून पाना लावा. थोडं सोडा, थोडं आवळा, परत सोडा. पान्याला पाइप लावून झटका देऊ नका.

तरीही तुटला तर सेल्फ अजिबात मारू नका. टोक सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन अन् व्हॉल्व्हचं नुकसान होतं.

अडकलेला तुकडा मेकॅनिक ड्रिलनं पोखरतो, त्यात आटे पाडतो अन् ओढून काढतो. ड्रिल सरळ ठेवणारं गाइड त्याच्याकडं आहे का, हे आधी विचारा. ॲल्युमिनियमचं हेड लगेच कोरलं जातं. ड्रिलला ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो, आत पडत नाही. टोक आत गेलंच असेल तर हेड खोलणं हाच खात्रीचा मार्ग.

नवा प्लग बसवण्याआधी छिद्रातली काजळी साफ करून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी हाच ताप पुन्हा होतो.